बंद खाणीत आधी गवत, मग झाड

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूर, चेलाडी आणि मग कापूरहोळ. इथून उजवीकडे वळलं की भोर, डावीकडे नारायणपूर आणि सासवड. नारायणपूरच्या दत्ताला आणि केतकावळ्याच्या बालाजीला जाणाऱ्या गाड्या इथूनच वळतात. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे कापूरहोळची, त्यामुळे इतिहासाची आवड असणाऱ्यांनाही गाव ठाऊक असतं. आमची वाडी फाट्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि वाडीच्या मागे एक बंद खाण आहे. मला सांगायचं आहे ते या खाणीबद्दल.

खाण काळ्या पाषाणाची. हायवे चौपदरी झाला, मग सहापदरी व्हायला लागला, पुण्याच्या अंगानं इमारती उठत गेल्या, तसे या पट्ट्यात जागोजागी डोंगर फुटले. आमच्या डोंगराकडेची जमीन गायरानाची. ती भाडेपट्ट्यानं खडीसाठी गेली. दुपारच्या वेळी सुरुंग उडायचे आणि मांडणीवरची भांडी वाजायची. क्रशर रात्रीसुद्धा चालायचा. त्याची पांढरी भुकटी घेवड्याच्या फुलोऱ्यावर बसायची आणि शेंग धरायची नाही. मग पट्ट्याची मुदत संपली, घेण्यासारखा दगड उरला नाही, आणि एका उन्हाळ्यात सगळी मशिनरी उचलून नेली. मागे राहिला तीन बाजूंनी उभा तुटलेला कडा, मधला खोल खड्डा, त्यातलं हिरवट पाणी, क्रशरचा काँक्रीटचा चौथरा आणि डस्टचे ढीग.

मी तेव्हा मुंबईत होते. अशा सोडून दिलेल्या जागेचं पुढे काय होतं, हे मी तिथं दोन तऱ्हांनी पाहिलं. पहिली तऱ्हा घरातलीच. माझे वडील, आमचे आप्पा, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आप्पा पिशवी घेऊन गावी परतले, ते पुन्हा कामावर गेले नाहीत. गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावातली सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी व्हायची वेळ आली. 1991 च्या नियमात एक तृतीयांश जागा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे असा वाटा होता. 2001 मध्ये नियम बदलला. वाटा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचा मोजायचा, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही, असं ठरलं. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असणार ती किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयातही हा बदल टिकला. ज्यांनी तिथं आयुष्य काढलं त्यांच्या नातवंडांना तिथं झाडाखाली बसायला जागा मिळाली नाही. हे मी आजही विसरू शकत नाही.

दुसरी तऱ्हा मी नोकरीत पाहिली. धारावीच्या अंगाच्या एका शाळेत मी शिकवत होते. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीच्या काठची ही सदतीस एकर जागा म्हणजे एके काळी मुंबईचा उकिरडा, वर्षानुवर्षं शहराचा कचरा तिथं पडत होता. कचरा टाकणं थांबल्यावर तिथं जंगल करावं ही कल्पना निसर्गप्रेमी मंडळींनी लावून धरली. 1983 साली डॉ. सालिम अली यांच्या हातून पहिलं झाड लागलं आणि 22 एप्रिल 1994 ला उद्यान लोकांसाठी उघडलं. त्याच 1994 साली जर्मनीत डुइसबुर्ग शहरात बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्याचं उद्यान लोकांना खुलं झालं. पेटर लात्स या रचनाकारानं तिथल्या भट्ट्या न पाडता त्यांच्याभोवती रान वाढू दिलं. हे मला फार नंतर वाचनात आलं, पण वाचलं तेव्हा माहीमचीच आठवण झाली.

मी वर्गातली पोरं घेऊन तिथं जायचे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी मुलं. त्यांना पहिल्यांदा झाडाखालचा ओला पाचोळा हातात घ्यायला लावला की ती हात झटकायची. तोच पाचोळा बाजूला केला की खाली गांडूळ दिसायचं, आणि मग तासभर कुणी हलायचं नाही. मी त्यांना सांगायचे, या मातीच्या खाली आपल्या आजी-आजोबांच्या वेळचा कचरा आहे. वरची ही माती आणून घातलेली आहे आणि पाचोळ्यानं दर वर्षी थोडी थोडी वाढते आहे. 2018 च्या सुमारास धारावीच्या पुनर्विकासाच्या हद्दीत हे उद्यान ओढलं जाण्याची गोष्ट निघाली, तेव्हा लोक न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पात नाही, असं पुढे न्यायालयात सांगितलं गेलं. एवढी वर्षं लोकांनी वापरलेली जागा होती, म्हणून तिच्यासाठी बोलायला माणसं उभी राहिली.

निवृत्तीनंतर मी वाडीत परत आले, तेव्हा खाण बंद होऊन बराच काळ लोटला होता. हायवेवरच्या हॉटेलांचा कचरा रात्री टेम्पोनं येऊन पडत होता. ढिगांवर घाणेरी माजली होती. उन्हाळ्यात पोरं पाण्यात उड्या मारायची, आणि पुण्याच्या आसपासच्या खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामुळे आयांचा जीव टांगणीला. या जागेचं काय करावं यावर गावात मतं होती. कुणी म्हणे खड्डा बुजवून हायवेच्या ट्रेलरना पार्किंग द्या, चार पैसे येतील. कुणी म्हणे गाळे काढा, कुणाला बोटिंग हवं होतं. ही मतं मांडणारी माणसं वाईट नव्हती. ज्यांच्या पोरांना चाकण-शिरवळच्या कंपन्यांत कंत्राटी कामावर जावं लागतं, त्यांना चार पैसे दिसणारच.

माझं मत ठरलं ते एका घुबडानं. पहिल्याच हिवाळ्यात संध्याकाळी खाणीकडून खोल, दुहेरी आवाज यायला लागला. माझी भाची म्हणाली, “आत्या, तिकडं जाऊ नको, घुबड हाय, वंगाळ असतं.” मी दुसऱ्या दिवशी उजेडी गेले. पूर्वेच्या कड्यावर, सुरुंगाची नळी जिथं अर्धी उभी दिसते त्याच्या शेजारी, हातभर रुंदीची कपार होती. कपारीखाली दगडावर चुन्यासारखे पांढरे ओघळ. आणि आत, दगडाच्याच रंगाचं, डोक्यावर दोन शिंगांसारखी पिसं उभारलेलं शृंगी घुबड, नारिंगी डोळे अर्धे मिटून बसलेलं. घरटं असं काही नव्हतं. हे घुबड उघड्या खडकावरच अंडी घालतं. उभा कडा, खाली पाणी, माणसाला चढता न येणारी जागा: आपण डोंगराला केलेली जखम त्यानं घर म्हणून धरली होती.

कड्याच्या पायथ्याला करड्या केसांचे गोळे पडले होते. घुबडाला न पचलेलं ते असं तोंडावाटे टाकतं. मी काही गोळे कागदात बांधून आणले आणि वाडीतल्या पोरांना ओसरीवर बसवून, पाण्यात भिजवून, काडीनं फोडले. एकेका गोळ्यात उंदरांचे जबडे निघाले, पिवळ्याधमक लांब दातांसकट. घुशीची कवटी निघाली. पोरांनी ती हाडं पुठ्ठ्यावर चिकटवून ओळीनं मांडली. संध्याकाळी माझा चुलतभाऊ पुठ्ठ्यासमोर उभा राहून म्हणाला, “म्हंजे हे आपल्या भाताच्या खाचरातलंच की सगळं.” भोर तालुका भाताचा, उंदीर काय करतो हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्यानं त्या घुबडाला दगड मारू दिला नाही.

पुण्याच्या आसपासच्या शृंगी घुबडांचा अभ्यास डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशननं वर्षानुवर्षं केला आहे. आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, पिंगोरीला, त्यांचं केंद्र आहे आणि 2018 साली तिथं देशातला पहिला उलूक महोत्सव भरला. आम्ही पोरांना घेऊन पिंगोरीला गेलो. घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धेपायी किती पक्षी मारले जातात हे त्यांना तिथं कळलं. परत आल्यावर पोरांनीच ठरवलं की कार्तिकापासून शिमग्यापर्यंत पूर्वेच्या कड्याकडे कुणी फिरकायचं नाही.

मग प्रश्न राहिला कागदाचा. तलाठ्याकडून सातबारा काढला. जमीन गायरानाची, पट्टा संपलेला. गायरान म्हणजे गावाच्या सामायिक वापराची जमीन. 2011 साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना बजावलं होतं. पण मला जास्त उपयोगी पडला तो 8 जानेवारी 2020 चा, कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणातला आदेश. खाणकाम थांबल्यावर खाणपट्टाधारकानं त्या जागेवर पुन्हा गवत उगवून द्यावं, चारा, वनस्पती आणि प्राणी वाढतील अशी जमीन करून द्यावी, अशी अट पट्ट्यात आणि पर्यावरण परवानगीत घालायला न्यायालयानं सांगितलं आहे. आमचा पट्टा जुना, त्याला ही अट लागू करून घेणं अवघड होतं. तरी ग्रामसभेत मी तो मजकूर मराठीत वाचून दाखवला. देशाचं सर्वोच्च न्यायालय गवताबद्दल बोलतं, हे ऐकून मागच्या बाजूला बसलेले मेंढरंवाले तात्या उठून पुढे आले. म्हणाले, “आम्ही तेच म्हणतोय कवापासून. झाडं लावून फोटो काढत्यात, आमच्या जित्राबांना काडी नाय.”

तात्यांचं म्हणणं खरं होतं. त्याआधी एका पाच जूनला बाहेरची मंडळी बॅनर घेऊन आली होती. डस्टच्या ढिगात खड्डे खणून गुलमोहर आणि आणखी काय काय शोभेची रोपं लावून गेली. डस्ट पाणी धरत नाही आणि उन्हानं तव्यासारखी तापते. होळीपर्यंत एकही रोप उभं नव्हतं. जिथं माती नाही तिथं झाड लावणं म्हणजे रोपाला मारणं. बंद खाणीत काम करू बघणाऱ्या प्रत्येकानं ही एक गोष्ट मनाशी धरावी असं मला वाटतं: पहिली काही वर्षं गवताची आणि मातीची असतात.

ग्रामसभेत ठरलं ते असं. जागा गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं बघायची. ही समिती 2002 च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत असायलाच हवी, बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते. ट्रेलर आत येणार नाहीत. गवत कापून न्यायला सगळ्यांना मुभा, पण जनावर आत सोडायचं नाही. हिवरे बाजारनं चराईबंदी करून आणि कापून नेण्याची सवलत देऊन काय साधलं ते आमच्यातल्या काहींनी जाऊन पाहिलेलं होतं, त्यामुळे यावर फार वाद झाला नाही. बचत गटाच्या बायकांनी एक अट घातली: कचऱ्याचा टेम्पो दिसला तर रात्रीसुद्धा पुरुषांनी उठायचं. ती अट पाळली गेली.

कामाला लागलो तेव्हा सगळ्यात मोठा आधार झाला एका वडार मावशींचा. क्रशरच्या काळात त्या नवऱ्यासोबत पाल टाकून इथं राहिल्या, खाण बंद झाल्यावरही गावातच राहिल्या. या खाणीचा दगड त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. कड्याच्या पायथ्याशी मुलांना बसवायची जागा करायची होती. मावशी हातोडी घेऊन पुढे झाल्या, एकेक दगड ठोकून कान लावून ऐकत गेल्या. खणखणीत वाजला की पुढे. एका ठिकाणी आवाज बद्द आला. त्या लगेच मागे सरल्या. “बाई, ह्यो सुटलाय आतनं. ह्याच्याखाली पोरं बसवू नगा.” पुढच्या पावसाळ्यात तोच कातळ खाली आला. पुण्याजवळ वाघोलीला संतुलन संस्थेनं दगडखाणीतल्या मजुरांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या, तेव्हा त्या मुलांकडे कुणी पाहत नव्हतं. खाणीची जागा सुधारायची म्हणून जे उभे राहतात त्यांनी खाणीतल्या माणसांना आधी विचारावं. आमच्या समितीत मावशी आहेत, आणि ताली कुठं घालायच्या हे त्याच ठरवतात.

ताली म्हणजे उतारावर आडव्या रचलेल्या दगडी बांधोळ्या. मोडक्या डबराचा तेवढाच उपयोग. त्यांच्यामागे आम्ही माती भरली. पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात काढला जातो, शेतकरी तो शेतात टाकतात. प्रत्येकानं आपल्या खेपांमधली एखादी खेप खाणीत टाकली. त्यात शेण, भाताचं तूस, पालापाचोळा. गाळ नुसता टाकला तर वाळून चिरा पडतात, म्हणून थोडी डस्टही मिसळली. हे प्रमाण मावशी मुठीत माती दाबून ठरवायच्या.

गवताचं बी विकत आणलं नाही. मार्गशीर्षात डोंगराच्या न फुटलेल्या बाजूला पवना, मारवेल आणि कुसळी तयार असतात. तात्यांनी पोरांना ओळख करून दिली. पवना जनावर आवडीनं खातं, मारवेल माती धरतं, कुसळीचं कुसळ कपड्यात घुसतं पण उघड्या मुरमातही उगवतं. बी शेणकाल्यात कालवून वळवाच्या आधी तालींमागे टाकलं. पहिल्या पावसात गवतापेक्षा टाकळाच जास्त उगवला. मी हिरमुसले, पण बायका खूश, पावसाळाभर टाकळ्याची भाजी झाली. टाकळ्याच्या सावलीत गवताचे ठोंब धरले आणि दुसऱ्या वर्षी पवन्यानं डोकं वर काढलं. मग तरवड, धायटी, करवंद आपोआप येत गेली. काही बिया पाखरांनी आणल्या, काही आम्ही देवराईच्या बाहेरच्या कडेवरून, गावकऱ्यांना विचारून आणल्या. भोर-वेल्ह्याच्या देवराया जुन्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं तेव्हापासून अभ्यासक इकडे येतात. आतली काडीही उचलायची नाही हा रिवाज आम्ही मोडला नाही.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता उद्यानात वापरलं गेलं आहे. खाणकामानं उजाड झालेली ती चारशे एकरांच्या आसपासची जागा. 2010 पासून नागरिकांच्या गटानं आणि विजय धस्माना यांच्यासारख्या परिसंस्था जाणणाऱ्यानं अरावलीतलं स्थानिक बी गोळा करून तिथं रान उभं केलं. 2022 मध्ये राखीव क्षेत्राबाहेरची संवर्धन-जागा म्हणून देशात पहिली मान्यता त्याच उद्यानाला मिळाली. तरी तिथून रस्ता काढण्याचे प्रस्ताव आले आणि लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. राखणं हे काम संपत नाही, हे तिथल्या माणसांनीही अनुभवलं आहे.

आमची जागा अजून कुणी उद्यान म्हणावं अशी नाही. खड्ड्याच्या पाण्याभोवती निवडुंग आणि हेकळीचं कुंपण आहे, एका बाजूनं पायऱ्या आहेत, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पोरांना आत सोडत नाही. पाण्यावर टिबुकली असते. मातीच्या उभ्या कापावर वेडे राघू बिळं करतात. क्रशरच्या चौथऱ्यावर शनिवारी शाळेचा वर्ग भरतो, पोरं पाखरांची नोंद करतात आणि ती गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढते. उत्तरेकडचा डस्टचा ढीग अजून तसाच आहे, तिथं गवत धरत नाही. पाऊस ओढला की तात्यांचा आणि बचत गटाचा गवताच्या वाट्यावरून खटका उडतो आणि ग्रामसभा रात्रीपर्यंत चालते. ते चालायला हवं. ज्या जागेवरून भांडण होतं तिची काळजी कुणीतरी घेत असतं.

पुणे जिल्ह्यात, साताऱ्यात, नगरकडे, तुम्ही जिथं असाल तिथं आसपास बंद दगडखाण असेलच. तिच्याकडे एकदा नीट पाहून या, शक्यतो हिवाळ्यात, संध्याकाळी, कड्यापासून लांब उभं राहून. मग तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा काढा. जमीन गायरान आहे का, पट्टा कधी संपला, परवानगीत जमीन पूर्ववत करण्याची अट आहे का, हे लेखी मागा आणि पुढच्या ग्रामसभेत विषय घाला. चालू खाण असेल तर आणखी बरं, पट्टा संपायच्या आत 8 जानेवारी 2020 च्या आदेशाची प्रत हातात ठेवा. मशिनरी एकदा निघून गेली की ती अट कुणाकडून पाळून घ्यायची, हे शोधण्यात वर्षं जातात.